भेग आमची

रुल्फीनच्या चिप्सच्या दुकानात तुम्ही गेलात आणि तिचा तो अंडं पोटात घेतलेला तळलेला गोळा खाऊन "वा, अप्रतिम" असं काही म्हणालात, तर ती तुमच्याकडे संशयाने पाहील. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. डच मुलखात, ग्रोनिंगनच्या उत्तरेला एखादी गोष्ट माणसाला फार आवडली तर तो म्हणतो, "कोन मिंदर." म्हणजे, याहून वाईट झालं असतं. याच्यावरची स्तुती आमच्या बोलीत नाही. रुल्फीनचे वडील वुबो यांनी तिच्या सत्तावन्न वर्षांत हे दोन शब्द तिच्यासाठी दोनदा वापरले. एकदा तिने पहिल्याच फटक्यात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मागे घेतला तेव्हा आणि एकदा तिने नवऱ्याला घराबाहेर काढलं तेव्हा.

मी मेनो. जन्मभर लोकांच्या घरांत वायरी ओढल्या, आता निवृत्त आहे. हे सगळं मी सांगतोय, कारण रुल्फीनने इंटरनेटवर जी मालिका केली, तिच्यातला दुसरा पहारेकरी मी आहे.

मालिका सुरू झाली ती एका चुकीतून. नवऱ्याला काढल्यावर रुल्फीन दुपारी, दुकान बंद असायचं तेव्हा, संगणकावर 'सात बुरुज' नावाचा खेळ खेळायला लागली. जगभरातली माणसं त्यात किल्ल्यांवरून फिरतात आणि राक्षस मारतात. हिने एकही राक्षस मारला नाही. नुसती भटकायची. भटकता भटकता तिला एका किल्ल्याच्या उत्तरेच्या भिंतीत एक भेग सापडली. खेळ बनवणाऱ्यांचं काहीतरी चुकलं होतं, चित्राचे दोन तुकडे नीट जुळले नव्हते, आणि पायापासून वरच्या कंगोऱ्यापर्यंत वाकडीतिकडी काळी रेघ उमटली होती. तिने मला फोन केला.

"मेनो, ये जरा. तुला आमच्या बाबांचं घर दाखवते."

मी जाऊन पाहिलं आणि मला हसू आवरेना. आमच्या पायाखालचा गॅस कंपनीने वर्षानुवर्षं उपसला, तेव्हापासून जमीन मधूनच हलते आणि घरं उसवतात. वुबोंच्या घराला बाहेरून लाकडी टेकू लावलेत, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत अशी भेग आहे की हात आरपार जातो. नऊ वर्षांत नुकसान बघायला गॅस कंपनीचे अकरा निरीक्षक येऊन गेले. प्रत्येकाने भेगेला मोजपट्टी लावली, फोटो काढला, कॉफी प्यायली, बिस्कीट एकच घेतलं आणि जाताना सांगितलं, "ही भेग जुनी आहे. ही भेग आमची नाही."

रुल्फीनने खेळातल्या त्या भिंतीखाली दोन पहारेकरी उभे केले, एक ती आणि एक मी, आणि पडद्यावरचं सगळं टिपून त्याची मालिका करायला लागली. दोघे निरीक्षकाची वाट बघतात. तो प्रत्येक भागात येतो आणि नवं कारण सांगतो. राक्षसाच्या श्वासाने भिंत तापली. वटवाघळं जास्त झाली. तुम्ही दोघे भिंतीला टेकून उभे राहता, टेकू नका. आणि शेवटी तेच ठरलेलं वाक्य. निरीक्षक झाले खुद्द वुबो. शहाऐंशीव्या वर्षी. इतक्या जणांचं ऐकून त्यांना ते काम असं पाठ झालं होतं की पहिल्या दिवशी मी हसून हसून खुर्चीवरून पडलो.

आवाज आम्ही वुबोंच्या घरीच भरायचो, स्वयंपाकघरात भिंतीतल्या कपाटात बांधलेल्या जुन्या खाटेवर; पूर्वी इकडे लोक अशा कपाटांत झोपायचे. तिघे मांडीला मांडी लावून, कपाटाचं दार ओढून घेऊन. आतलं लाकूड आवाज घुमू देत नाही. एकदा मध्येच जमीन हलली, कपबशी फुटली, वुबो न थांबता म्हणाले, "हा वारा आहे, वारा," आणि रुल्फीनने ते तसंच ठेवलं. तो भाग लोकांना सगळ्यात जास्त आवडला.

या खेळातल्या बाहुल्यांचे ओठ हलत नाहीत. मग कोण बोलतंय ते कळणार कसं? म्हणून आमचा एक नियम: जो बोलेल त्याने मान हलवायची. बटण दाबत राहायचं, बाहुली मान वरखाली करते. तीन वर्षांत ही सवय गावात इतकी पसरली की लोक दुकानात ऑर्डर देतानाही माना हलवायला लागले.

मालिका आमच्याच बोलीत होती, खाली डच आणि इंग्रजी ओळी. पाहणारे हजारांत होते. पण वुबोंनी तिच्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. भाग बघायचे, "हं" म्हणायचे आणि बागेत जायचे.

मग मार्चमध्ये पत्र आलं. घर दुरुस्तीपलीकडे गेलंय, एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी पाडणार, वुबोंनी तात्पुरत्या घरात जावं. भेग कोणामुळे पडली याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. वुबोंनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं.

"रुल्फीन," ते म्हणाले, "शेवटचा भाग करू. त्यात निरीक्षक खरं बोलणार. ही भेग आमची आहे, आमच्यामुळे पडली, असं म्हणणार. नऊ वर्षं ते वाक्य ऐकायला बसलोय. कोणी म्हणत नाही तर मीच म्हणतो. पण इथेच म्हणणार. हे घर उभं आहे तोवर."

त्या दिवशी रुल्फीनने चिप्स करपवल्या. तिच्या हातून असं होत नाही.

ती लिहायला बसली, आणि पंधरा दिवसांनी खेळाची नवी आवृत्ती आली. आम्ही भिंतीपाशी गेलो तर भिंत गुळगुळीत. भेग गायब. कोणीतरी चूक कळवली होती आणि त्यांनी ती आठवड्यात बुजवली होती.

"एका आठवड्यात," रुल्फीन म्हणाली. "बाबांची नऊ वर्षं. आणि ही एका आठवड्यात." मलाही राग आला, पण खरं सांगतो, हसूही येत होतं. जगात आमचीच एक भेग अशी, जी नको तेव्हा बुजली.

तिने खेळाच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: नव्या भिंतीबद्दल आपलं मत काय? रुल्फीन इमानदार बाई. गवंडीकाम चांगलं होतं, म्हणून तिने पहिल्या ओळीत लिहिलं, "कोन मिंदर," आणि पुढे भेग परत मागितली. यंत्राने भाषांतर केलं असणार, कारण उलट टपाली माफीनामा आला, की भिंत आपल्याला निकृष्ट वाटली याचा खेद आहे, ती आणखी गुळगुळीत करू.

मग गाव पेटलं. फॉर्म भरण्यात आमचा हात कोण धरणार? नऊ वर्षं दुसरं केलं काय आम्ही? कंपनीच्या चुका कळवायच्या पानावर तीनशेबारा तक्रारी गेल्या. भिंतीला भेग नाही, आधी होती. सोबत पट्टी लावलेला फोटो. चर्चच्या गायनवृंदाची हान्ना, कडक बाई, तिने तर लिहिलं की भेग पूर्वी नव्हती हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची आहे.

शेवटी इनेस नावाच्या त्यांच्या अधिकारी बाईंनी पडद्यावर बोलणं ठरवलं. वुबोंच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघे बसलो. बाई हसतमुख होत्या. शाळेतल्या इंग्रजीवर आमचं निभत होतं.

"तुमची मालिका आमच्या सगळ्यांना आवडते," त्या म्हणाल्या. "आम्ही ती अधिकृत करू इच्छितो. नवे चेहरे देऊ, ओठ हलणारे. आवाज व्यावसायिक कलाकारांचे. भाषा सगळ्यांना कळेल अशी. आणि विषय जरा हलका, निरीक्षक वगैरे नको."

"म्हणजे पहारेकरी आमचे नाहीत, आवाज आमचे नाहीत, बोली आमची नाही, भेगही नाही," रुल्फीन म्हणाली. "मग आमचं राहिलं काय, मान हलवणं?"

"ओठ हलले की मान हलवायची गरज उरणार नाही," इनेस अगदी मनापासून म्हणाल्या.

मग त्यांची नजर वुबोंच्या मागे गेली. "तुम्ही मागे खेळातली भिंत लावलीये का? किती हुबेहूब आहे."

वुबो उठले. त्यांनी भेगेत मनगटापर्यंत हात घातला आणि भिंतीपलीकडे बोटं हलवली. बाजूच्या खिडकीतून ती बोटं दिसत होती.

"बाई, हे घर आहे," ते म्हणाले.

इनेस हळू आवाजात म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतं, पण चूक परत घालणं त्यांच्या हातात नाही. माझा त्यांच्यावर राग नाही. त्याही पगारी माणूस. रुल्फीनने मात्र सरळ सांगितलं, "नवे चेहरे तुमच्याकडेच ठेवा. भेग आम्ही आमची आणतो."

पडदा बंद झाल्यावर मी विचारलं, "आणतो म्हणजे? भेग कशाची करणार?"

"माणसांची," ती म्हणाली.

त्या खेळात एका बाहुलीला दुसरीच्या डोक्यावर उभं राहता येतं, आणि नवख्याला फुकटात काळा झगा मिळतो. चाळीस माणसं, चाळीस काळे झगे, एकावर एक, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, पायापासून कंगोऱ्यापर्यंत. रुल्फीनने चिप्सच्या कागदावर आकृती काढून दुकानात चिकटवली आणि खाली नावं मागितली. दोन दिवसांत भरली.

गावच्या सभागृहात ज्याच्याकडे जो संगणक होता तो घेऊन लोक आले. वायरी मी ओढल्या. सत्तरीतली माणसं उडी मारायला शिकत होती. कोणी खंदकात पडायचं, कोणी भलत्याच किल्ल्यात जाऊन राक्षसाच्या तोंडी जायचं. हान्ना तालावर मोजायची आणि ओरडायची, "जान, तू माझ्या डोक्यावर नाहीस, तू हवेत आहेस." आणि सगळ्यांना मान हलवायचं बटणही शिकवलं होतं, लागलंच तर म्हणून. त्याचा सराव ते फार हौसेने करायचे.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चारला, मंगळवारच्या दोन दिवस आधी, आम्ही तिघे कपाटात बसलो. घरातलं सामान गेलं होतं, खाट तेवढी उरली होती. सभागृहात आमचा आवाज ऐकू जात होता. पडद्यावर एकेक काळी बाहुली चढत गेली. शेवटी जान हान्नाच्या डोक्यावर एकदाचा टेकला आणि भिंतीत भेग पडली. जुनीपेक्षा जरा जाड, पण भेग. मी उगाच माइकची वायर चाचपून पाहिली. कारण विचाराल तर सांगता येणार नाही, वायरींचा माणूस मी.

माझं वाक्य झालं. "साहेब, शेवटचं विचारतो. ही भेग कोणाची?"

वुबोंच्या हातात माउस होता. त्यांनी तो सोडला. पडद्याकडे न बघता कपाटाचं दार ढकललं आणि समोरच्या, स्वतःच्या भेग पडलेल्या भिंतीकडे बघत म्हणाले, "ही भेग आमची आहे."

बटण दाबायला ते विसरले. पडद्यावर निरीक्षकाची मान हललीच नाही, तो ठोंब्यासारखा उभा. पण सभागृहात हान्नाने ते वाक्य ऐकलं, आणि माणूस खरं ऐकल्यावर करतो तशी, बटण दाबून, बाहुलीची मान हलवली. तिचं पाहून जानने. मग खालच्यांनी. बघता बघता भेगेतल्या चाळीसही माना पायापासून वरपर्यंत हलायला लागल्या.

आमच्या मालिकेचा नियम जगाला माहीत होता. मान हलते तो बोलतो. म्हणजे ते वाक्य निरीक्षक बोललाच नव्हता. भेग बोलली होती. ही भेग आमची आहे.

रुल्फीन रडत होती. "बाबा, चुकलं. परत घेऊया? तुम्ही कबुली देत होतात, ते दिसलंच नाही."

"परत नाही," वुबो म्हणाले. "गॅसवाले कधी म्हणणार नाहीत. आपण म्हटलं ते बरं झालं. तसंच ठेव."

तिने तसंच ठेवलं. मंगळवारी घर पाडलं. वीस मिनिटं लागली. वुबो रस्त्यावर टोपी हातात घेऊन उभे होते, आणि शेवटची भिंत पडली ती बरोबर भेगेवरच दुमडून.

पुढच्या रविवारी चारला हान्ना कोणालाही न विचारता खेळात जाऊन भिंतीच्या पायाशी उभी राहिली. पाचच मिनिटांत चाळीसच्या चाळीस हजर. तेव्हापासून दर रविवारी चारला आम्ही भेग होतो. जूनमध्ये इनेसचं पत्र आलं: उत्तरेच्या भिंतीवर गर्दीमुळे एक काळी रेघ दिसते अशी तक्रार आहे, आपल्याला याबद्दल काही माहिती आहे का?

रुल्फीनने उत्तर लिहिलं, "पाहणी केली. ही भेग जुनी आहे."

गेल्या रविवारी एकेचाळीसावा काळा झगा आला. वुबो, तात्पुरत्या घरातून. निरीक्षकाचा अंगरखा त्यांनी टाकून दिला होता. आम्ही त्यांना सगळ्यांच्या डोक्यांवरून चढवत अगदी वर, कंगोऱ्याशी नेलं. दोनदा खंदकात पडले, तिसऱ्यांदा पोहोचले.

"बाबा, वरून कसं दिसतंय?" रुल्फीनने विचारलं.

मग सगळ्यात वरची मान हलली.

"कोन मिंदर," वुबो म्हणाले.