हाडांतला चुना

गोऱ्या साहेबाच्या काळी आमच्या बुलढाण्याच्या कचेरीत पेन्शनीला टेकलेले एक कारकून होते. जीभ भाजली तरी पानाला चुना दुप्पट लावत. म्हणत, "थंडी हाडातला चुना चाटून राह्यली, भाऊ. भरती नको काय?"

दर हिवाळ्यात आम्ही दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहत असू. चुन्याच्या बोटाने मी त्यांची उंची आखी, ते माझी. दरसाल त्यांची खूण खाली येई आणि त्यांचा चेहरा उतरे.

मला पन्नासावं लागलं त्या वर्षी मी त्यांची जुनी खूण गुपचूप पुसून दोन बोटं खाली काढली.

"वाढलो बे!" म्हणत त्यांनी मफलर भिरकावला. "आता तू उभा राह्य."

माझ्या खुणेला मी हात लावला नव्हता. त्यांनी दोनदा मोजलं आणि माझ्यासाठी पान लावायला घेतलं. चुना दुप्पट.