बाकावर बसायला शिकवणारे घाडीसाहेब

निवृत्त सहायक फौजदार श्री. दत्ताराम घाडी यांच्या एकसष्टीनिमित्त त्यांच्या विद्यार्थ्यांनी गौरव अंक काढायचं ठरवलं आणि मला लेख मागितला. तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की हे विद्यार्थी तर माझे! तीन वर्षं मी त्यांना समाजशास्त्र शिकवलं. घाडीसाहेबांकडे ते होते जेमतेम एक महिना. गौरवलेखात खोटं बोलू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

आमची पहिली भेट परळच्या पोलीस ठाण्यात झाली. दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी आमच्या महाविद्यालयानं तिथं सुट्टीत महिनाभराची इंटर्नशिप सुरू केली होती. सहा मुलं आणि मी तयार केलेला नऊ पानी आराखडा घेऊन मी गेलो. मोठ्या साहेबांनी आम्हाला घाडीसाहेबांच्या हवाली केलं. घोडपदेवच्या चाळीत वाढलेले, गिरणी कामगाराचे चिरंजीव, बोलण्यात मालवणी हेल. त्यांनी माझा आराखडा अदबीनं घेतला, खणात ठेवला आणि मुलांना म्हणाले, "आठ दिवस त्या दारासमोरच्या बाकावर बसायचा. मोबाईल खिशात. कोण येता, कोण दारातनंच परत जाता, तेवढाच बघायचा."

मला हसू आलं. म्हटलं, ही काय शिकवण्याची रीत झाली?

त्या सहांत तेजल नावाची मुलगी होती. माझ्या वर्गात तिनं कधी हात वर केला नव्हता. बाकावर बसून तिच्या लक्षात आलं, की पन्नाशीच्या एक बाई तीन दिवस रोज फाटकापर्यंत येतात आणि परत फिरतात. चौथ्या दिवशी ती उठून त्यांच्याकडे गेली. "मावशी, आत यायचंय का? मी येते सोबत." बाईंचा मुलगा त्यांना मारहाण करत होता आणि भरल्या ठाण्यात ते बोलायची त्यांना लाज वाटत होती. घाडीसाहेबांनी आतली खोली रिकामी केली, महिला शिपायांना बोलावलं आणि कुणी आत येऊ नये म्हणून स्वतः दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. तक्रार लिहून झाल्यावर तेजलला म्हणाले, "ह्या काम तुझा. माझा नाय."

महाविद्यालय उघडल्यावर तेजल वर्गात वीस मिनिटं बोलली, हातात कागदही न घेता. दर तिसऱ्या वाक्याला "घाडीसाहेब म्हणतात". मी फळ्याजवळ उभा होतो आणि आतून जळत होतो. दोन वर्षांत मला जे जमलं नाही, ते या गृहस्थांनी एका बाकावर करून दाखवलं होतं.

मग मी एक गोष्ट केली. प्राचार्यांकडे दिलेल्या अहवालात लिहिलं, "या प्रशिक्षणाला शास्त्रीय बैठक नाही." तेवढं पुरलं. पुढच्या वर्षी इंटर्नशिप बंद झाली.

घाडीसाहेबांच्या कानावर ते शब्द गेले, लिहिणाऱ्याचं नाव मात्र नाही. एके शनिवारी, आपल्या साप्ताहिक सुट्टीला, साधा इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्यासमोर उभे राहिले. "सर, त्या शास्त्रीय बैठकीत आम्ही कमी पडलो म्हणतात. तुम्ही शिकवा मला. पोरांचं नुकसान नको." आणि खरोखरच चार शनिवार ते माझ्या वर्गात बसले. वहीत सगळं उतरवून घ्यायचे, शब्द अडला की शेजारच्या मुलीला विचारायचे. चौथ्या शनिवारी उभे राहून म्हणाले, "सर, ह्या पुस्तकात पोलिसाला घाबरणारा माणूस आहे. माणसांना घाबरणारा पोलीस कुठल्या पानावर आहे? आमच्यात असे लय असतात." सगळा वर्ग त्यांच्याकडे वळून बघत होता.

सोमवारी मी नवा अहवाल दिला आणि इंटर्नशिप पुन्हा सुरू झाली. थोडा पश्चात्ताप होता. थोडं असंही होतं, की माझ्या वर्गात त्यांना आणखी एक शनिवार बघणं मला सोसलं नसतं.

माझ्यावर त्यांचे उपकार याहून मोठे आहेत. माझ्या वडिलांना विसरण्याचा आजार आहे. एका दुपारी ते माहीमच्या घरातून निघून गेले. मी घाडीसाहेबांना फोन केला. ते तेव्हा निवृत्त झालेले होते, तरी निघाले आणि बाजारातली दुकानं एकेक करत पालथी घातली. संध्याकाळी बाबांचा हात धरून जिना चढून आले. बाबाही एकेकाळी गिरणीत होते, दोघं त्याच गप्पा मारत होते. तेव्हापासून दर रविवारी ते बाबांकडे येऊन बसतात. बाबा कधीकधी मला ओळखत नाहीत. "घाडी आले नाहीत?" हे मात्र न चुकता विचारतात. वर्गात जळलो होतो त्याहून जास्त मी त्या क्षणी जळतो, आणि चहा टाकायला आत जातो.

घाडीसाहेब, अहवालातलं ते वाक्य माझं होतं. आज सर्वांसमक्ष क्षमा मागून ते मागे घेतो. तुमचा हेवा मात्र मागे घेता येत नाही. तुम्ही शंभरी गाठाल तोवर पुरेल इतका तो शिल्लक आहे. तेव्हा प्रकृतीला जपा, गुडघ्याचं ऑपरेशन आणखी पुढं ढकलू नका, वहिनींचं ऐका. आणि या रविवारी जरा लवकर या. बाबा सकाळपासून दाराकडे बघत बसतात.