माशाचा थायरॉईड आणि आमचा हट्ट

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट कमी आणि किस्से जास्त जमतात, असं लोक म्हणतात. म्हणू देत! किस्से काय, चहा पिता पिता वाढत जातात. रिझल्टला हाडं फोडावी लागतात, आणि ती आम्ही फोडली आहेत.

कॉलेज नाशिकचं, विभाग प्राणिशास्त्राचा, माणसं तीन. आमच्या गाईड सुलभामॅडम, माझ्याबरोबर पीएचडी करणारा गणेश आणि मी. माशाच्या मेंदूखाली पिट्यूटरी नावाची मोहरीएवढी ग्रंथी असते. तिच्यातून टीएसएच नावाचा हार्मोन निघतो आणि तो थायरॉईडला कामाला लावतो. हा हार्मोन वेगळा काढायचा, मग माशाच्या रक्तात तो किती आहे ते मोजायचं, एवढंच आमचं काम. हे ऐकून देवळ्याची मावशी म्हणाली, "माशाचं राहू दे गं, माझा थायरॉईड वाढलाय त्याचं बघ आधी!"

आमचं काम तपासणाऱ्या कमिटीचे अध्यक्षही मावशीच्याच पार्टीतले. त्यांना आम्ही आपापसात किटसाहेब म्हणायचो. "बाजारात माणसांचा टीएसएच मोजायचं तयार किट मिळतं. त्यानं मोजा आणि मोकळ्या व्हा," हे त्यांचं पालुपद. मॅडम म्हणायच्या, "ते किट माशाचा टीएसएच ओळखतं हे दाखवा, आज मोजते." त्यावर आली ती तंबी. पुढच्या भेटीत आमची पद्धत पटली नाही, तर माझं आणि गणेशचं रजिस्ट्रेशन रद्द, लॅबला कुलूप. असं म्हटल्यावर आम्ही पेटलोच!

*

ग्रंथी हव्यात तर माशांची डोकी हवीत. मासळी बाजारात हिराबाई रोहू विकायच्या. त्यांच्याशी आमचा करार होता. डोकं आम्ही फोडायचं, ग्रंथी काढायची आणि डोकं परत त्यांच्या पाटीत. कालवणाला गिऱ्हाईक असतंच.

एकदा एका गिऱ्हाइकानं डोकं उलटसुलट करून पाहिलं. "हिराबाई, याला भोक कसलं?"

"कालेजच्या मॅडम हायेत ना, त्यांनी अक्कल काढून घेतली त्याची."

"मग मी काय घेऊ?"

"तुला कालवण करायचंय का माशाला शाळेत घालायचंय?"

त्या माणसानं मुकाट्यानं दोन डोकी घेतली. मला भारी आनंद झाला. कमिटीसमोर हिराबाईंनाच उभं करावं, असं मी मॅडमना सुचवलंही होतं.

*

ग्रंथी अख्खी निघणं हे मोठं नाजूक काम. जरा चिमटा सटकला की चिखल! गणेशचा हात त्यात इतका बसला होता की विचारू नका.

हा गणेश मुलगी बघायला सायखेड्याला गेला. गोदाकाठचं गाव, मुलीकडच्यांनी मानानं रोहूचं डोकं वाढलं. सगळे बोलत होते. गणेशनं सवयीनं अंगठ्यानं कवटी उघडली, मेंदू बाजूला सारला, आतला दाणा अलगद उचलून ताटाच्या कडेला ठेवला आणि मोठ्यानं ओरडला, "अख्खी निघाली!"

मुलीचे वडील घाबरून म्हणाले, "पाव्हणं, खडा लागला का?"

आता माणूस काहीतरी सारवासारव करील की नाही? नाही! यानं तिथंच पिट्यूटरीवर लेक्चर दिलं. बापाचं तोंड पडलं, पण मुलगी आतून म्हणाली, "मला लय आवडला." गेल्या वर्षी लग्न झालं.

*

काढलेला हार्मोन थंडीतच शुद्ध करायचा, नाहीतर तो नासतो. शिवाय पिट्यूटरीत त्याचे दोन भाऊबंद असतात, दिसायला जवळपास तसेच. ते गाळून गाळून बाजूला काढायचे. त्यासाठी आमची एक थंड खोली आहे. ऐन मे महिन्यात मी स्वेटर, मफलर, कानटोपी अशा अवतारात तिथं दिवस काढायची.

एकदा तशीच कॅन्टीनला गेले. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. एका प्राध्यापकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "अगं, घरी जाऊन झोप. कशाला जीव जाळतेस?"

म्हटलं, "सर, जळत नाहीये, गारठतेय!" आणि दोन चहा घेऊन परत आत गेले. घरी जायला सांगणारे ते काही पहिले नव्हते. हार्मोन शुद्ध झाला, त्यावर आम्ही मोजणीची आमची स्वतःची पद्धत बसवली, आणि मग कमिटीची वाट बघत बसलो.

*

किटसाहेब सकाळीच आले, स्वतःचं किट घेऊनच! म्हणाले, "आज सोक्षमोक्ष. माशांच्या रक्ताचे तेच नमुने माझ्या किटनं मोजू आणि तुमच्या पद्धतीनंही."

मॅडमनी पोहे पुढे केले. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "या मासळीच्या वासात घास उतरणार नाही हो. काकडीबिकडी असेल तर द्या."

गणेशच्या डब्यात काकडी होती. मॅडमनी चिरली, मीठ दिलं, साहेबांनी ती चवीनं खाल्ली. मग उरलेल्या काकडीची बशी उचलून मॅडम नमुने भरायला आतल्या खोलीत गेल्या. सहा नळ्या बाहेर आल्या, वर नुसते आकडे. कुठल्या नळीत काय आहे ते आम्हालाही सांगितलं नाही.

दुपारी निकाल आले. साहेबांच्या किटनं सहाही नळ्यांत भरपूर टीएसएच दाखवला. आमच्या पद्धतीनं पाच नळ्यांत दाखवला आणि चौथीत चक्क शून्य! गणेशनं डोक्याला हात लावला. सगळी मेहनत पाण्यात गेली, असंच वाटलं मला.

साहेब खुर्चीत ऐसपैस बसले. "बघा! चौथा मासा माझ्या किटप्रमाणे अगदी ठणठणीत आहे. तुमच्या पद्धतीला तो दिसतसुद्धा नाही. लिहू मग, पद्धत नापास?"

"लिहा की," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"फक्त एक सांगते," मॅडम म्हणाल्या. "तो चौथा मासा सकाळी तुम्ही मीठ लावून खाल्लात, सर!"