दोन रेघांचा फोटो

सुभाषभाऊंच्या गालात स्पंजची कांडी होती, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. बाकीचे आठ ड्रायव्हर मजा घेत होते. "भाऊ आज पह्यल्यांदाच चुप बसले बे."

चिखलीजवळच्या एका शाळेत बस ड्रायव्हरांची गांजासाठी तपासणी होती. रिटायर झाल्यावरही मी पॅथॉलॉजीची अशी कामं घेत असे. तरुण ड्रायव्हर बिचकत होते, तेव्हा सगळ्यांत जुने सुभाषभाऊच पुढे आले. "मॅडम, पह्यले माही घ्या. मले कायचं भेव?"

लॅबचं काम शिकणाऱ्या मुलांनो, लघवीत गांजा बरेच दिवस सापडतो. लाळेत साधारण काल-आजचाच कळतो, म्हणून ड्रायव्हरसाठी लाळ. स्पंज भिजला की किटमध्ये घालायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. दोन रेघा आल्या तर माणूस निर्दोष. गांजा असेल तर दुसरी रेघ उमटतच नाही. कोविडच्या किटच्या अगदी उलट.

हे शाळेच्या सुपरवायझरला माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

मी दुसऱ्या ड्रायव्हरकडे वळले, तेवढ्यात सुपरवायझरने टेबलावरच्या पहिल्या, सुभाषभाऊंच्या किटचा फोटो काढला आणि बाहेर गेला. मला वाटलं, रेकॉर्डसाठी असेल.

नऊही किटवर दोन रेघा आल्या. रिपोर्ट घेऊन ऑफिसात गेले, तोवर फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला होता. खाली सुभाषभाऊंचं नाव आणि 'पॉझिटिव्ह, आजपासून बंद.'

"अहो, ते निगेटिव्ह आहेत," मी सुपरवायझरला म्हणाले.

"दोन रेघा हायेत न, मॅडम. कोरोनात माह्या घरी चार जणायच्या पाह्यल्या मी."

मी समजावलं. दुरुस्तीचा मेसेज गेला. संस्थेच्या अध्यक्षांनी रिपोर्ट शांतपणे वाचला. "तुमचं खरं असंन, मॅडम. पण इतक्या पालकायले मी रेघा कुठं समजावत बसू? थे म्हणतीन, प्रकरण दाबलं."

सुभाषभाऊंना परत कामावर घ्या म्हणून मी त्यांना दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

महिन्याभराने अमडापूरला सुभाषभाऊंच्या घरी गेले. त्यांनी स्वतः चहा आणला. त्यांची बायको बाहेर आली नाही. दुसऱ्या दोन शाळांनीही त्यांना परत पाठवलं होतं.

"मी तुमचा कागद दाखोतो, मॅडम," ते म्हणाले. "लोक फोटू दाखोतात."



आता किट उघडण्याआधी मी रेघांचा अर्थ मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावते आणि सगळ्यांचे फोन बाहेर ठेवायला लावते. पाच मिनिटांचं काम आहे. सुभाषभाऊ अजून घरीच आहेत.