सेनाइदाचा पाट आणि वंचिताचा रकाना

न्यू मेक्सिकोच्या डोंगरातल्या त्या गावात सेनाइदा माएस्तास एकवीस वर्षं पाटकरीण होती. कुणाच्या शेतात पाणी कधी वळायचं ते ती सांगे आणि गाव ऐके. पण दर वसंतात पाटातला गाळ उपसायला येणारे हात कमी होत गेले. यंदा चार म्हातारे उरले होते, त्यातल्या दोघांना वाकता येत नव्हतं.

हमरस्त्यालगतच्या पत्र्याच्या घरांतली वीस मुलं पाटावर आणावीत, त्यांना पाणी आणि माती शिकवावी, असं तिच्या मनात होतं. मुलं शिकली तर पाट राहील, नाहीतर तिच्यामागे बुजेल. त्यासाठी बस हवी होती. ज्यांच्या वाट्याला निसर्ग येत नाही अशा वंचितांसाठी सरकार अनुदान देत होतं. अट एकच: आधी एका वंचिताला एक धडा देऊन दाखवा. बसशिवाय एकही मूल येईना, बस अनुदानाशिवाय मिळेना. तिने तीन पत्रं लिहिली. तिन्ही वेळा उत्तर आलं, अट चांगल्या हेतूने घातली आहे.

शेवटी कीथ पेरी नावाचे साहेब तपासणीला आले, ते नेमके उपशाच्या दिवशी. त्या दिवशी पाटावर जो उभा राहील त्याच्या हाती फावडं देतात, मग तो पाद्री असला तरी. चार म्हाताऱ्यांतल्या एलिसेओने दिलं. साहेबांनी ते उलटं धरलं.

"ऑफिसात काय चमच्याने उपसता?" एलिसेओ म्हणाला.

आपण चौथ्या मजल्यावर राहतो, मातीत उतरायची ही पहिलीच वेळ, असं साहेबांनी धापा टाकत कबूल केलं. सेनाइदाने काठीने सहा पावलांचा तुकडा आखून दिला आणि दुपारपर्यंत दोनदा नापास केला.

हिरव्या मिरचीचा रस्सा खाताना साहेबांनी अनुदानाचा अर्ज काढला. वंचिताच्या रकान्याकडे बराच वेळ पाहिलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. खाली शिक्षिकेची सही हवी होती, धडा पूर्ण झाल्याची.

सेनाइदा पेन घेऊन उठली, तुकड्यापाशी गेली, वाकून पाहिलं.

"तळ अजून वाकडा आहे. उतरा खाली."

"सही कर की बाई," एलिसेओ कळवळला. "वीस पोरं अडलीत."

"म्हणूनच."

साहेब फावडं घेऊन उतरले. सही साडेचारला झाली, आणि बस मे महिन्यात आली. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: विद्यार्थी कष्टाळू आहे, पण घाई करतो.