तिकडं किती आहे?

बायको माहेरी गेली ती ऐन उन्हाळ्यात. राजूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत तिच्या भावाचं घर आहे. श्रीरामपूरचं ऊन आता सोसत नाही, ऊन उतरलं की येईन, एवढं सांगून ती एसटीत बसली. मीही खुशाल जा म्हणालो. मनात म्हटलं, आठ दिवसांत कंटाळेल. कसली कंटाळतेय!

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. एकाच जिल्ह्यात दोन गावांची हवा इतकी वेगळी का, हे मला झोपेतून उठवून विचारा. ती उंचावर, मी सखल भागात. तिच्याभोवती झाडी, जवळ धरणाचं पाणी. इथं उघडी काळी जमीन आणि सिमेंटची घरं, दिवसभर तापत राहतात. रोज दुपारी एक वाजता मी तिला फोन करायचो आणि विचारायचो, तिकडं किती आहे? ती वहिनीच्या मोबाईलवर बघून आकडा सांगायची. मग मी इथला सांगायचो आणि फरक का पडला ते समजावायचो. ती नुसती "व्हय, व्हय" करायची. फोन ठेवला की घर खायला उठायचं. मग मी उगाच पडवीत जाऊन तापमापक पुन्हा बघून यायचो.

मे महिना सरता सरता पारा अचानक खाली आला. मी हरखून गेलो. बघ, उतरलं, असं तिला तीन-चार दिवस ऐकवलं. मग शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर चहाला आले आणि पडवीत उभे राहून हसायला लागले. जुना खिळा निघाला म्हणून मी तापमापक माठाच्या अगदी शेजारी टांगलं होतं, माठाच्या ओल्या फडक्याला चिकटून. पाणी वाळताना गारवा येतो, हे मी पोरांना ओरडून ओरडून शिकवलेलं. माझी मलाच लाज वाटली. पण खरं सांगतो, ते तिथून काढायला मला आणखी दोन दिवस लागले.

पावसाळा आला. ढग डोंगर चढताना तिकडंच रिकामे झाले, आमच्याकडे नुसतं आभाळ. दिवाळीला मी तिच्याकडे दोन दिवस राहिलो आणि एकटाच परत आलो. मग थंडी पडली. तिकडं सकाळी बोटं आखडतात म्हणे, इथं त्या मानानं ऊब. आता मात्र मी फोनवर तिला स्पष्टच विचारलं, आता कसलं ऊन? येत का नाहीस?

"ऊन निमित्त हुतं," ती म्हणाली. "तुमी रोज फोन करता, हवा इचारता. मी जेवले का, हे एकदा बी इचारलं न्हाई. घरात हुते तवा बी न्हाई. हितं वहिनी दोन्ही टाइम इचारती."

मला असा राग आला की मी फोनच ठेवला. संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. रोज फोन करतो कोण? विजेचं बिल, गॅस, तिच्या गोळ्या, सगळं बघितलं कोणी? मग आठवायला बसलो. एकदा तरी विचारलं असेल की. आजारपणात, नाहीतर लग्नाच्या नव्या नवलाईत. खूप आठवून पाहिलं. एकही वेळ सापडली नाही. त्या दिवशी मी स्वतःही जेवलो नाही, आणि ते विचारायला घरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता फोन लावला. आकडा जिभेवर आला होता, तो गिळला. आवाज चोरट्यासारखा निघाला माझा.

"जेवलीस का?"

मागं वहिनी भांडी घासत होत्या, ते ऐकू येत होतं. मग ती बोलली, रागानं नाही, अगदी सावकाश.

"आज संकष्टी हाय. लग्न झाल्यापास्नं धरते मी."