कापलेली दोरी

मी शिकलो दुसरीपर्यंत. म्हणून अक्षर वाकडं येतं. पण मी बांधलेली एक भिंत वाकडी दाखवा, लिहिणं सोडून देतो.

आम्ही चऱ्होलीच्या बौद्धवाड्यातले. पिंपरी-चिंचवडला कारखान्यांच्या शेडी भराभर उभ्या राहत होत्या, त्या काळात मी गवंडी झालो. गावातल्या विहिरीवर आम्हाला वेगळं उभं करणाऱ्यांची पोरं पुढं त्याच शेडींत नोकरीला लागली. माझ्या भिंतीची सावली त्यांना चालली. चालायलाच पाहिजे, दुसरी होती कुठं?

आमच्या कामात एक रीत आहे. भिंतीचे दोन कोपरे आधी उचलायचे, त्यांच्यामध्ये दोरी ताणून बांधायची आणि तिच्या धारेनं विटा लावत जायच्या. दोरी ज्यानं बांधली, सोडायची त्यानंच. तो जेवायला गेला असेल, आजारी पडला असेल, तरी दुसरा गवंडी तिला हात लावत नाही. दोरी बांधलेली आहे म्हणजे माणूस परत येणार आहे.

चिंचवडच्या एका शेडीवर आम्ही काम करत होतो. उभं राहायची परांची बांबूंची, सुंभानं बांधलेली. एका सकाळी वर चढताना सुंभाला हात घातला तर तो तंबाखूसारखा हातात चुरला. तो चुरा मुठीत घेऊन मी खाली ठेकेदाराकडं गेलो. म्हटलं, "शेट, नवा सुंभ आणा. ह्याच्यावर कुणी चढणार नाही."

ठेकेदार हसला. "भ्यालास होय रे? मग चढू नकोस. उद्यापासून बायकांबरोबर घमेलं उचल. यायचं तर तसं ये, नाही तर घरी बस."

घमेलं उचलणाऱ्या बाया आमच्याहून जास्त राबायच्या, त्यांच्या कामाला मी हलकं म्हणत नाही. पण माझ्या हातातली थापी मला कुणी दिलेली नव्हती, मी कमावलेली होती. ती कुणी काढून घेणार नव्हतं.

संध्याकाळी युनियनच्या खोलीवर गेलो. पिंपरीत चहाच्या हॉटेलामागं ती खोली. युनियन मूळची कारखान्यातल्या कामगारांची, आम्हा बांधकामवाल्यांना नुकतंच आत घेतलं होतं. सेक्रेटरी एका कंपनीत टर्नर होता. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग? उद्या काय करणार?"

"घमेलं उचलून त्याच्याच डोक्यात घालणार."

"झकास. म्हणजे तू चौकीत, तो दवाखान्यात आणि सुंभ तिथल्या तिथं. राव, एकटा भांडलास तर त्याला दुसरा गवंडी मिळंल. सगळेच खाली उतरले तर?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या गवंड्यांनी आपापल्या दोऱ्या ताणून बांधल्या आणि खाली उतरले. माझी दोरी आधीपासूनच बांधलेली होती. घमेलेवाल्या बाया तर आमच्याआधी फाटकाबाहेर येऊन बसल्या. मागण्या दोनच. नवा सुंभ, आणि मला माझ्या जागेवर गवंडी म्हणूनच घ्यायचं. सेक्रेटरी शिफ्ट सुटली की यायचा, लेबर ऑफिसात खेटे घालायचा. कारखान्यातल्या कामगारांच्या चाळींमधून भाकऱ्या यायच्या. ठेकेदार रोज फाटकाशी येऊन म्हणायचा, "बाकीचे या. तो एकटा नको." कुणी जागचं हललं नाही.

मग एका सकाळी ट्रक आला. राजगुरुनगरकडचे गवंडी भरून आणले होते. आमच्यातली एक बाई ओरडली, "जा दादा, चढा! खाली झेलायला आमी हावोतच!" ते मान खाली घालून आत गेले.

भिंत फाटकाला लागूनच होती, सगळं ऐकू येत होतं. त्यांच्यातला एक म्हातारा गवंडी जपून वर चढला आणि थांबला.

"शेट, दोऱ्या बांधल्यात हितं. कुणाच्या?"

"काम सोडून गेलेत ते. सोडा त्या, लावा विटा."

"काम सोडलं असतं तर दोरी सोडून नेली असती."

ठेकेदार तणतणत वर गेला. माझ्या दोरीवर बोट ठेवून म्हणाला, "ही कुणाची आहे माहीत तरी आहे का? चऱ्होलीच्या बौद्धवाड्यातल्या माणसाची. तुम्ही चांगल्या घरची माणसं, आणि ह्याचा मान राखता?"

म्हाताऱ्यानं वाकून खाली फाटकाकडं पाहिलं. ह्या प्रश्नाची उत्तरं मी जन्मभर ऐकलेली होती.

म्हातारा म्हणाला, "म्या जात न्हाई इचारली शेट. दोरी गवंड्याची हाय."

तेव्हा ठेकेदारानं खिशातला चाकू काढला आणि स्वतःच माझी दोरी कापली. चूक केली त्यानं. दोरी लोंबली तशी म्हाताऱ्यानं थापी पिशवीत टाकली. "उतरा रं समदी. आज ह्याची कापली, उद्या आपली कापंल. आन शेट, तुमचा सुंभ बी कुजलाय."

ते बाहेर आले आणि आमच्यातच बसले. माझी बायको भाकरी-चटणी घेऊन आली होती, तिनं ती पुढं केली. म्हाताऱ्यानं घेतली, खाल्ली, नाक पुसत म्हणाला, "चटणी लई तिखाट हाय गं बाय."

त्यानंतर नवा सुंभ आला. ठेकेदारानं मला बोलावलं. "ये बाबा वर. पण ती युनियन सोड."

"युनियन सोडत नाही. आणि दोरीही मी बांधणार नाही. कापली त्यानं बांधायची."

सेक्रेटरीनं माझा दंड दाबला. "बास की राव, जिंकलोय आपण." मी म्हटलं, तुम्ही जिंकला असाल, माझी दोरी अजून लोंबतीय.

सगळे आपापल्या जागी वर चढले, पण वीट कुणी उचलली नाही. ठेकेदार खाली उभा राहून घाम पुसत राहिला. शेवटी चढला. मी दोरीचं दुसरं टोक ताणून धरलं.

"ढिली आहे शेट. ओढा अजून."

ओढली त्यानं. गाठ भलतीच पडली, पण दोरी ताठ झाली. सोडून नीट बांधावी असं क्षणभर मनात आलं. मग म्हटलं, नको. दुसऱ्यानं बांधलेली दोरी आम्ही सोडत नाही. थापी घेतली आणि वीट लावली.